जुना लोडर हाती घेण्यापूर्वी



स्किड-स्टीअर या जागच्या जागी वळणाऱ्या छोट्या लोडरचे, बकेट उचलणारे दोन्ही आर्म चालकाच्या पाठीमागे जोडलेले असतात. तिथून ते त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी लागून पुढे येतात आणि त्याच्या पायांसमोर बकेट धरतात. आत शिरायचे तर बकेटवर पाय ठेवून, या आर्मच्या मधूनच शिरावे लागते. उतरायची वाटही तीच. यंत्राचा जो भाग माणसाला चिरडू शकतो, त्याच्याच खालून ये-जा करावी लागते. बॅकहो किंवा मोठ्या व्हील लोडरमध्ये चालक बाजूच्या दाराने चढतो, आर्म त्याच्यापुढे बऱ्याच अंतरावर राहतात. चालकाभोवती छत-जाळीचा पिंजरा नसलेल्या जुन्या छोट्या लोडरचे बहुतेक धोके या एका रचनेतून निघतात.

ही रचना अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. रॉथसे गावच्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी 1957 मध्ये टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी तीन चाकांचा लोडर बनवला. शेडमधल्या खांबांच्या दाटीत जागच्या जागी वळेल आणि माडीवरही नेता येईल इतका हलका लोडर त्याला हवा होता. नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने पुढच्या वर्षी त्याचे हक्क घेतले. 1960 मध्ये चार चाकांचे एम-400 हे मॉडेल आले आणि 1962 मध्ये बॉबकॅट हे नाव. त्या सुरुवातीच्या यंत्रांवर चालक उघड्यावर बसे. डोक्यावर छत नसे आणि बाजूला जाळीही नसे. पिंजरा, मांडीवर उतरणारा सीट बार, बार वर असताना आर्म रोखणारा इंटरलॉक या गोष्टी नंतरच्या वर्षांत एकेक करून आल्या. आज महाराष्ट्रात बांधकामावर किंवा नालेसफाईत दिसणारे लोडर या नंतरच्या पिढीतले. पण चार मालकांच्या हातून गेलेल्या यंत्राची जाळी दुरुस्तीच्या वेळी काढून कोपऱ्यात टाकलेली असू शकते आणि इंटरलॉक तारेने बांधलेला असू शकतो. कारखान्यातून पिंजऱ्यासह निघून नंतर उघडे केलेले असे यंत्र 1960 च्या यंत्राहून वाईट मानावे, कारण त्याची उचलण्याची ताकद कितीतरी जास्त असते.

अमेरिकेतल्या नायोश या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1998 मध्ये या लोडरांबद्दल स्वतंत्र इशारा काढला. अशा अपघातांच्या नोंदींत पहिले कारण दिसते ते आर्म किंवा बकेट आणि यंत्राची चौकट यांच्यामध्ये माणूस सापडणे. उलटणे त्यानंतर येते. नव्या चालकाला भीती वाटते ती उलटण्याची. जीव जातो तो बहुधा चढता-उतरताना, वाकून बघताना किंवा अडकलेला दगड काढताना.

जुन्या बॉबकॅटसारख्या यंत्रांत आर्म आणि बकेट पायाच्या पेडलांनी चालतात, हातातले लिव्हर फक्त चाकांसाठी. इंजिन चालू ठेवून, आर्म वर ठेवून चालक उतरू लागतो, बूट पेडलवर पडतो आणि आर्म खाली येतात. बाहेर उभे राहून आत हात घालून पेडल दाबणे हा याच चुकीचा आणखी धीट प्रकार. सीट बार मांडीवर उतरल्याशिवाय पेडले हलू नयेत, यासाठीच इंटरलॉक असतो. त्याची परीक्षा रोज सकाळी घ्यावी. सीटवर बसून, पट्टा लावून, आर्म पूर्ण खाली असताना इंजिन मंद चालवावे, बार वर उचलावा आणि पेडले दाबून पाहावीत. ती हलली किंवा बकेट जराशी उचलली गेली, तर त्या दिवशी काम नाही. पेडलांखाली चिखल, खडी, कोंबडखत साचून ती अर्ध्यात अडकतात, म्हणून पायाखालची जागा रोज साफ हवी.

उतरण्याचा क्रम ठरलेला असावा. बकेट सपाट जमिनीवर टेकवावी, पार्किंग ब्रेक लावावा, इंजिन बंद करावे, पेडले एकदा पुढे-मागे दाबून राहिलेला दाब सोडावा, मगच बार उचलून पट्टा काढावा. चढता-उतरता तोंड यंत्राकडे ठेवावे आणि दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी आधारावर असावेत. आर्म वर ठेवूनच काम करणे भाग असेल, तर त्या मॉडेलचा मूळ आधारदांडा सिलिंडरच्या रॉडवर बसवूनच. लाकडी ठोकळा किंवा जॅक चालत नाही. तेलाचा होज कधी फुटेल हे होज सांगत नाही.

पिंजऱ्याच्या बाजूच्या जाळीला लोक हवा अडवणारी अडगळ समजतात. ती नसली की चालक बकेटचे टोक बघायला डोके किंवा कोपर बाहेर काढतो आणि आर्म कात्रीसारखा त्याच्यावरून उतरतो. जेसीबीने आपल्या स्किड-स्टीअरमध्ये एकच आर्म ठेवून बाजूने दार दिले, ते याच कारणाने योग्य ठरते: चालकाला आर्मखालून जावेच लागत नाही.

पिंजऱ्याचे दुसरे काम उलटण्याच्या वेळचे. रिकाम्या लोडरचे सुमारे 70 टक्के वजन मागच्या चाकांवर असते. बकेट भरली की ते पुढे सरकते. म्हणून उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे हवी: भरलेली बकेट असेल तर चढताना सरळ, उतरताना मागे-मागे, रिकामी असेल तर याच्या उलट. आडवे जाणे आणि चढावर वळणे टाळावे, बकेट जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. चाकांच्या लोडरला पुढे कलंडायला जेवढे वजन लागते, त्याच्या निम्मेच त्याची अधिकृत क्षमता म्हणून धरतात. उरलेले निम्मे खड्डे आणि झटके यांच्यासाठी राखलेले असते, जास्तीच्या मालासाठी नव्हे.

पिंजरा असेल तर पट्टा लावायलाच हवा. पट्ट्याविना माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याला वाचवायला बसवलेला पिंजऱ्याचा सांगाडाच त्याच्यावर पडतो. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांवर असा सांगाडा बंधनकारक केला आणि तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू हळूहळू जवळपास संपले. हळूहळू, कारण नवा नियम जुन्या यंत्रावर आपोआप सांगाडा बसवत नाही.

इथे गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून पाइपचा पिंजरा वेल्ड करून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. खरा सांगाडा ठरावीक पोलादाचा, ठरावीक बोल्टांनी बसवलेला आणि भार देऊन तपासलेला असतो. त्याला भोक पाडले किंवा वेल्डिंग केले तर तो त्या जागी कमजोर होतो. एकदा वाकलेला सांगाडा सरळ करून वापरत नाहीत, बदलतात.

हायड्रॉलिक गळतीबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरता कामा नये. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीत घुसते. हातमोजा तिला अडवत नाही. गळती हाताने शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी. बोटाला सुईच्या टोकाएवढी जखम दिसली, दुखत नसली, तरी त्याच तासाला शल्यचिकित्सक गाठावा, कारण आतला भाग सडू लागतो आणि बोट किंवा हात कापावा लागू शकतो.

हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट, कानात बोळे, काँक्रीट फोडताना धुळीसाठी मास्क हे सगळे हवेच, आणि गमछा किंवा सैल बाही नको. बंद शेडमध्ये धूर साचतो, म्हणून दारे उघडी हवीत. जागच्या जागी वळताना यंत्राची मागची बाजू झटक्यात फिरते, त्यामुळे हेल्परला आधीच लांब उभे करावे. बकेटमध्ये माणूस उचलू नये. यातले काहीही पिंजऱ्याची भरपाई करत नाही. आर्मच्या दाबाखाली हेल्मेट फुटते.

जुना लोडर विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी मॉडेल क्रमांक वाचावा आणि त्या मॉडेलचा मूळ पिंजरा, बार, पट्टा मिळतो का, हे विक्रेत्याकडे विचारावे. मिळत असेल तर तो खर्च किमतीत धरून सौदा करावा. मिळत नसेल तर मालक कितीही घाईत असला, तरी चालकाने सीटवर बसू नये. इंजिन, पंप आणि टायर यांना भंगारातही भाव येतो. बाकीचे यंत्र वितळवायला द्यावे.