कुलूप न लावलेलं दुकान

आपल्या अंकाच्या मराठी विभागात कविता आणि सहलीची वर्णनं भरपूर येतात. मी मात्र यंदा एका कादंबरीचा छोटासा अभ्यास मांडणार आहे. कादंबरी इंग्रजी आहे आणि माझं शिक्षणही कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा मराठीत कुठे अडखळले, तर सांभाळून घ्या!

कादंबरीचं नाव आहे ‘द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिक्री’. लेखिका गॅब्रिएल झेव्हिन, प्रकाशन 2014. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ अ‍ॅलिस नावाचं एक काल्पनिक बेट आहे. तिथे जायचं तर फेरीबोट पकडावी लागते. बेटावर पुस्तकांचं एकच दुकान, आणि त्याचा मालक म्हणजे आपला नायक फिक्री. नावातल्या ‘ए. जे.’ वर जाऊ नका, मूळ नाव अजय. वडील भारतीय, आई अमेरिकन. 2022 साली यावर सिनेमा आला, त्यात ही भूमिका कुणाल नय्यरने केली.

फिक्री चाळिशीच्या आसपासचा आहे. बायको गाडीच्या अपघातात गेली. तेव्हापासून तो एकटाच राहतो, फ्रीजमधलं तयार जेवण गरम करून खातो, दारू पितो आणि गिऱ्हाइकांवर खेकसतो. पहिल्याच प्रकरणात अमेलिया नावाची प्रकाशन संस्थेची प्रतिनिधी नवी पुस्तकं दाखवायला येते. हा गृहस्थ तिला आपल्या नावडत्या पुस्तकांची लांबलचक यादी ऐकवतो. त्या यादीत लहान मुलांची पुस्तकंही आहेत, आणि त्यातही अनाथ मुलांची तर मुळीच नकोत! हे वाक्य वाचताना पेन्सिलीने खूण करून ठेवा. लेखिकेने बी इथेच पेरलंय.

आता अभ्यासाचा मुख्य प्रश्न. असा आंबट माणूस खरंच बदलू शकतो का, आणि बदलतो तर नेमका कशाने?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ‘बाळ आलं आणि त्याचं मन विरघळलं’. पण कादंबरी नीट वाचली तर क्रम वेगळा दिसतो. फिक्रीकडे एडगर अ‍ॅलन पोच्या ‘टॅमरलेन’ या पहिल्या पुस्तकाची प्रत असते. हे पुस्तक 1827 साली बॉस्टनमध्ये पोचं नाव न घालता छापलं गेलं होतं. आज त्याच्या अगदी मोजक्या प्रती उरल्या आहेत, म्हणून किंमत अफाट. ही प्रत विकायची आणि दुकान कायमचं बंद करायचं, असा त्याचा बेत. एके रात्री तो पिऊन झोपतो आणि सकाळी प्रत गायब! आता चोरण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून तो दाराला कुलूप लावणं सोडून देतो. आणि त्या उघड्या दारातूनच दोन वर्षांची माया दुकानात येते. म्हणजे, आणून सोडली जाते. सोबत आईची चिठ्ठी असते. मुलीने पुस्तकांच्या सहवासात वाढावं, अशी तिची इच्छा.

बघा, बाळ दुसऱ्या पायरीवर आहे. पहिली पायरी नुकसानीची. नुकसान झालं नसतं तर दार बंदच राहिलं असतं.

ही रचना झेव्हिनने हवेतून आणलेली नाही. जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ (1861) ज्यांनी वाचली असेल त्यांना लगेच ओळख पटेल. त्यात एका एकलकोंड्या विणकराचं सोनं चोरीला जातं. पुढे एकदा तो उघड्या दारात उभा असताना त्याची शुद्ध हरपते, आणि तेवढ्यात एक सोनेरी केसांची चिमुरडी आत शिरून शेकोटीजवळ झोपते. सोनं गेलं आणि मूल आलं! दुसरा धागा ब्रेट हार्टच्या ‘द लक ऑफ रोअरिंग कॅम्प’ (1868) या कथेचा. तिथे सोन्याच्या खाणीवरचे रांगडे पुरुष एक अनाथ बाळ वाढवायला घेतात आणि त्याच्यासाठी अंघोळ करू लागतात, आवाज खाली आणतात. माया येते त्या प्रकरणाला झेव्हिनने याच कथेचं नाव दिलंय. शेवटचं सोडून बाकी प्रकरणांना अशीच कथांची नावं आहेत, आणि त्यांच्या सुरुवातीला फिक्रीने मायासाठी लिहिलेली टिपणं. बोलून प्रेम दाखवता न येणारा बाप पुस्तकांच्या शिफारशींतून ते दाखवतो.

आता तिसरी पायरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. माया आल्याबरोबर फिक्रीला कुठलाही साक्षात्कार वगैरे होत नाही. त्याच्यासमोर कामं उभी राहतात. हिला अंघोळ कशी घालायची? खायला काय द्यायचं? आपण कंट्रोल सिस्टिम्समध्ये ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकतो ना, तसंच काहीसं. एकटा फिक्री म्हणजे ओपन लूप. तो काय करतोय हे त्याला परत येऊन सांगणारं कुणीच नाही. दोन वर्षांचं मूल मात्र ताबडतोब फीडबॅक देतं, रडून किंवा हसून. मग दुरुस्ती करावीच लागते, दिवसातून वीस वेळा.

शिवाय हा लूप घरापुरता राहत नाही. एकट्या पुरुषाला मूल सांभाळता येतंय का हे बघायला गावातल्या बायका दुकानात डोकावतात. आल्यासारखं एखादं पुस्तक घेतात. मग त्यांच्या आवडीची पुस्तकं ठेवावी लागतात. पोलीस अधिकारी लॅम्बियासी चौकशीसाठी म्हणून येऊ लागतो, वाचनाची चटक लागते आणि पुढे तो पोलिसांचा वाचक-गट चालवतो! दुकान वाचतं ते असं.

कादंबरीत कच्चे दुवे नाहीत असं नाही. योगायोग जरा जास्तच आहेत. मायाची आई ज्या परिस्थितीत सापडते ती खरं तर सर्वांत दुःखद गोष्ट, पण तिच्या वाट्याला फार थोडी पानं येतात. एकाचं आयुष्य उजळावं म्हणून दुसरीचं विझवलं, असं मला वाटत राहिलं. ‘सायलस मार्नर’मध्येही मुलीची आई बर्फात मरते आणि कथा पुढे सरकते. हा या प्रकारच्या कथांचा जुनाच दोष आहे. यावर आपल्याकडे कुणी वाद घालायला तयार असेल तर मला आवडेल.

मग हे सगळं हॉस्टेलच्या अंकात कशाला? सांगते. आमच्या विंगमधल्या एका मुलीचे वडील दुसऱ्या सेमिस्टरला गेले. ती परत आली ती दार लावून बसायला लागली. ‘धीर धर’, ‘बोल ना आमच्याशी’ असं सगळ्यांनी सांगून झालं. कशाचाही उपयोग नाही. मग मेस कमिटीला हिशेब बघणारं कुणी मिळेना, तेव्हा एका सिनियर ताईने वही सरळ तिच्या हातात दिली. दूध किती आलं, भाजीवाल्याचं किती देणं, हे विचारायला मुली दिवसभर तिच्या दारावर थापा मारायला लागल्या. महिन्याभरात ती मेसमध्ये आमच्याबरोबर जेवायला बसू लागली. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही, ते तिच्याजवळ आहेच. पण दार उघडं राहू लागलं. त्या ताईने फिक्री वाचलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको!

कुणाला वाचायची असेल तर तीन गोष्टींवर खुणा करत वाचा. एक, फिक्री कुठल्या पुस्तकांना आधी नाही म्हणतो आणि नंतर कुठली वाचतो. दोन, दुकानाचं दार कधी उघडं आणि कधी बंद असतं. तीन, प्रकरणांआधीच्या टिपणांचा सूर कसा बदलत जातो. शेवट मी सांगत नाही. फक्त एवढंच, की तो सबमिशनच्या आदल्या रात्री वाचायला घेऊ नका.