कोंबड्यास स्वतःची ओळख असते काय ?

अंगणांतील कोंबडा पहांटे आरवतो, कोंबड्यांवर अंमल गाजवितो आणि शेजारच्या कोंबड्याशीं झुंजतो. परंतु ‘हा मी व हा दुसरा’ असें भान त्यास असेल, हें आपल्या मनांतही येत नाहीं. या प्रश्नाचा शोध शास्त्रज्ञांनीं कसा घेतला, हें पशुपक्षी बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे. कारण जनावराची पारख कशी करावी, याचाच धडा त्यांत आहे.

या कामीं फार दिवस एकच कसोटी रूढ होती. १९७० सालीं गॉर्डन गॅलप या अमेरिकन शास्त्रज्ञानें चिंपांझी वानरांच्या भुवईवर, त्यांच्या नकळत, तांबडा ठिपका दिला व पुढें आरसा ठेविला. वानरांनीं आरसा न चाचपतां स्वतःच्याच भुवईस हात लाविला. अर्थात् प्रतिमा आपली, हें त्यांस उमगलें होतें. २००८ सालीं जर्मनींत हीच कसोटी मॅगपाय पक्ष्यांस लाविली. हा कावळ्याच्या कुळांतला, आपल्याकडील टकाचोराचा भाऊबंद. गळ्याखालीं चिकटविलेली रंगीत टिकली आरशांत पाहून त्यांपैकीं कांहीं पक्षी ती आपल्या गळ्यावरून काढूं लागले.

पुढें २०२३ सालीं बॉन व बोखुम येथील विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनीं कोंबड्यांची हीच परीक्षा घेतली. छातीवर रंगीत पूड लावून त्यांस आरशापुढें सोडलें. पण कोंबडे त्या डागाकडे वळलेच नाहींत. एवढ्यावरून त्यांस स्वतःचें भान नाहीं, असें ठरतें काय ? जो पक्षी धुळींत लोळूनच अंग साफ करतो, त्यास छातीवरच्या डागाची चिंता कसली ?

म्हणून त्याच शास्त्रज्ञांनीं दुसरा प्रश्न कोंबड्याच्या नित्य व्यवहारांतून काढला. आकाशांत ससाणा दिसतांच कोंबडा धोक्याची हाक देतो. मात्र जवळ सोबती असेल तर. एकटा असतां तो बहुधा गप्प राहतो, कारण ओरडल्यास शत्रूची नजर त्याच्यावरच यावयाची. ५८ कोंबड्यांस, प्रत्येक स्थितींत तीन तीन वेळां, छतावर ससाण्याची छाया दाखविली. जाळीपलीकडे दुसरा कोंबडा असतां एकंदर ७७ हाका झाल्या; एकटेपणीं १७; आणि समोर आरसा असतां केवळ २५.

आरशांतील पक्ष्यास कोंबडा खरा सोबती मानीत नाहीं, एवढें यावरून दिसतें. तो आपणच असें तो ओळखतो, कीं आपली नक्कल करणारा कोणी विचित्र पक्षी समजतो, याचा निर्णय व्हावयाचा आहे. तथापि पहिल्या परीक्षेवर थांबून त्यास निर्बुद्ध ठरविलें असतें, तर तो अन्यायच झाला असता. बैल असो वा कोंबडा, जनावरास मूर्ख म्हणण्यापूर्वीं आपण विचारलेला प्रश्न त्याच्या धंद्यांतला होता कीं आपल्या, हें पाहावें.

यांतून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांत एक सावध कोंबडा राखावा. त्याची हाक ऐकतांच त्या आडोशास पळतात. तसेंच विणीच्या दिवसांत एखादा रानपक्षी खिडकीच्या काचेवर चोंची मारीत असेल, तर तो वेडा नव्हे. प्रतिमेस प्रतिस्पर्धी समजून तो आपली हद्द राखीत असतो. काचेवर बाहेरून फडकें टांगावें, म्हणजे त्याचे श्रम वांचतील.