शंका-समाधान : उतारावरचं मोजपात्र

या वेळची बरीच पत्रं कर्जत-खालापूरकडची आहेत. पावसाळा तोंडावर आला की त्या बाजूचं टपाल वाढतं, आणि त्यातली निम्मी पत्रं 'अमुक यंत्र घ्यावं का' असं विचारणारी असतात.

आमची वाडी डोंगराच्या उतारावर आहे. इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यापासून पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. दरड येण्याआधी सूचना देणारं सेन्सर मिळतं म्हणे. ग्रामपंचायतीने घ्यावं का? वाडीत रेंज नाही, खालच्या वळणावर मिळते. – एक तरुण, चौक परिसर

घेऊ नका असं म्हणणार नाही. पण विकायला आलेल्या माणसाला आधी विचारा, हे नेमकं काय मोजतं? अशी उपकरणं साधारण तीन गोष्टी मोजतात : जमीन किती कलली, माती किती भिजली आणि मातीच्या पोकळ्यांत पाण्याचा दाब किती वाढला. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची, कारण दरड सुटते ती बहुधा याच दाबामुळे. पाणी आतून माती उचलून धरतं आणि खडकाशी असलेली तिची पकड सुटते. पण हा दाब मोजायचा तर उतारात खोल भोक पाडावं लागतं, तेही भूवैज्ञानिक दाखवील त्या जागी. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने अशी यंत्रणा २००९ पासून चालवली आहे. हिमाचलात २०१७ च्या कोटरोपी दरडीनंतर आयआयटी मंडीच्या लोकांनी कमी खर्चाची उपकरणं बसवली. दोन्हीकडे उपकरणामागे वर्षानुवर्षं बसणारी माणसं आहेत. तुमच्याकडे विकणारा पेटी खांबाला लावून निघून जाणार असेल, तर ती पेटी त्या खांबाखालच्या चार हात जमिनीचंच सांगेल. इर्शाळवाडीवर माती आली ती वाडीच्या वरच्या अंगाने. अंगणात लावलेल्या सेन्सरला ती आल्यावरच कळली असती.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीच्या त्या दरडीनंतर २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि बेपत्ता ५७ जणांना पुढे मृत धरावं लागलं. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती, ही गोष्ट मला आकड्यांहूनही जास्त छळते. यादी कुणाच्या तरी टेबलावर तयार होते, आणि वाडीपर्यंत पायवाटच असेल तर यादी करणाराही तिथवर क्वचितच चढतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय दरड अंदाज केंद्र सुरू केलं. 'भूसंकेत' संकेतस्थळ आणि 'भूस्खलन' हे मोबाइल ॲपही आणलं. सुरुवात मात्र दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून झाली. 'निसार' हा इस्रो-नासाचा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला गेला. तो ढगांतून आणि बऱ्याच प्रमाणात झाडीतूनही जमीन पाहतो, तीच जागा दर बारा दिवसांनी. हळूहळू सरकणारे उतार हेरायला तो उत्तम. पण एका रात्रीत सुटणाऱ्या मातीला बारा दिवस म्हणजे फार झाले.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर आधी पर्जन्यमापक घेतलं असतं. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधानसभेत सांगितलं गेलं. उतार एका सरीने सहसा सुटत नाही. आधीच्या दिवसांचं पाणी मुरून असतं, त्यावर शेवटची सर पडते. म्हणून तीन-तीन दिवसांची बेरीज ठेवायची. राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, पण महसूल मंडळाला एक. खालच्या केंद्रावर रिमझिम असताना कड्यावर धो धो कोसळत असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. विकतचं मापक नसेल तर सपाट तळाचं, उभ्या भिंतींचं कुठलंही भांडं घ्या. तोंड आणि तळ सारखेच रुंद असले की पट्टीवर जितके मिलिमीटर, तितकाच पाऊस. झाड आणि वळचण यांपासून दूर ठेवा. (एका कार्यालयाच्या आवारात मी आंब्याखाली ठेवलेलं मापक पाहिलंय. सर थांबल्यावरही त्यात पाऊस पडत होता!) हवामान खात्याची वेळ सकाळी ८.३० ची, तीच तुमची. मुसळधार असेल त्या दिवशी दर तीन तासांनी नोंद.

हवामान खातं २४ तासांतल्या २०४.४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं. पण तुमचा उतार किती पावसाला सुटेल याचा आकडा माझ्याकडे नाही, कुणीही ठामपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. सलग दोन दिवस भांडं भरत असेल आणि तिसऱ्या दिवशी लाल इशारा असेल, तर अंधार पडायच्या आत खाली उतरा. उतारावर आडवी भेग, कोरड्या जागी फुटलेला झरा, नेहमीच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी, कललेली झाडं, अडकू लागलेली दारं, यांतलं काहीही दिसलं तर भांड्याकडेही पाहत बसू नका.

रेंजचं म्हणाल तर सेन्सरचा एसएमएस तुमच्या वाडीत पोहोचणारच नाही. सौर पॅनेलवर चालणारा भोंगा घ्या, नाहीतर शाळेची घंटा. आणि रात्री दोनला ती वाजवायची कुणी, हे जूनमध्येच ठरवा.

खोपोलीत चार महिने सूर्य दिसत नाही. छतावर सौर पॅनेल लावणं वेडेपणा ठरेल का? – एक शिक्षिका, खोपोली

नाही. पण 'बिल शून्य' म्हणणाऱ्याचं अर्धंच ऐका. एक किलोवॉटला वर्षभराच्या सरासरीने रोज चारच्या आसपास युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये ती निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतात. तुम्हाला सावरतो तो नेट मीटरिंगचा हिशेब. एप्रिल-मेमध्ये जास्तीची युनिटं महावितरणकडे जमा होतात, पुढच्या महिन्यांच्या बिलांतून वळती होतात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीला हिशेब मिटतो. वर्ष एप्रिलला सुरू होतं हे कोकणातल्या माणसाच्या पथ्यावरच पडलंय. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण १८-१९ अंश कलतं हवं. सांगाडा मात्र स्वस्तातला नको. घाटातून उतरणारा वारा तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या गावाला विजेचं शिकवायचं म्हणजे गंमतच. १९१५ मध्ये घाटमाथ्यावरचं पाणी पाचशेहून अधिक मीटर खाली खोपोलीत आणून टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. आता भिवपुरीला १००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प करण्याचा टाटा पॉवरचा राज्य सरकारशी २०२३ मध्ये करार झालाय : दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी दिवे लागले की खाली सोडायचं. डोंगरच बॅटरी.

एक माणूस सांगून गेला की भातात कमी पाणी ठेवलं तर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील, उपग्रह फोटो काढणार, शेतकऱ्याने काही करायचं नाही. खरं का? – शेतकरी, कशेळे परिसर

'काही करायचं नाही' हे सोडून बरंचसं खरं आहे. पाणी साचलेल्या खाचरात हवा पोहोचत नाही; तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि तो भाताच्या पोकळ काड्यांतून वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवणारा. खाचर मधूनमधून सुकू दिलं, म्हणजे पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू देऊन मगच पुन्हा भरलं, तर मिथेन तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटतो. खाचरात पाणी आहे की नाही हे रडार उपग्रहाला ढगांतूनही दिसतं, तेही खरं.

पण त्या माणसाला विचारा, जुलैत कर्जतचं खाचर सुकवायचं कसं? आभाळाला झडप लावणार का? ही पद्धत चालेल ती उन्हाळी भाताला, राजनाला कालव्यावर, जिथे भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाळीने येतं. तुमची जमीन राजनाल्याखाली नसेल तर त्या माणसाला नाही म्हणा.

खरिपासाठी तुमच्याच तालुक्यात दुसरी वाट आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेलं एसआरटी, म्हणजे सगुणा राइस तंत्र : चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर साच्याने टोकणणी, मागच्या पिकाची मुळं जमिनीतच. राबासाठी फांद्या तोडून जाळणंही वाचतं, आणि मजूर मिळत नसताना लावणी वाचली हे तर मोठंच. माझी एक तक्रार आहे : तण मारायला त्यात ग्लायफोसेटसारख्या तणनाशकावर भिस्त असते. विहीर-ओढ्याजवळच्या तुकड्यात मी ते वापरणार नाही. आधी पाच गुंठ्यांत करून पाहा; कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊन बोला.

कार्बन क्रेडिटचा करार केलाच तर तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या : किती वर्षांचा, एक हंगाम चुकला तर काय, आणि विक्रीतला तुमचा वाटा किती.

माथेरानच्या ई-रिक्षांमुळे खरंच प्रदूषण कमी झालं का? – पर्यटक, डोंबिवली

नाही, कारण त्या पेट्रोलच्या गाड्यांच्या जागी आलेल्याच नाहीत. तिथे मोटारींना बंदीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या त्या हातरिक्षांच्या जागी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणूस ओढणं थांबावं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. त्याला हरित म्हणायची गरज नाही.

एआयला प्रश्न विचारला की पाणी आणि वीज खर्च होते असं वाचलं. मी विचारणं बंद करू का? आमच्या घरी तीन जुने फोनही पडून आहेत. – अकरावीची विद्यार्थिनी, कर्जत

डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी आणि वीज लागते, हे खरं. पण तुझ्या अभ्यासाचे दहा प्रश्न तू सोडलेस तर उल्हास नदीला त्याचा पत्ताही लागणार नाही. फोनचं मात्र वेगळं : त्याच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून आहे तो दोन वर्षं जास्त वापरणं हे तुझ्या हातातलं मोठं काम. तिन्हींपैकी ज्याची बॅटरी फुगली असेल तो चार्ज करू नकोस, भंगारवाल्यालाही नको. अधिकृत ई-कचरा संकलनाकडे दे. उरलेल्यांतला एखादा चालत असेल तर पहिलं पत्र पुन्हा वाच. रोज ८.३० ला मोजपात्राचा फोटो काढून ठेवायला त्या वाडीला असाच एक फोन लागेल, आणि त्याला रेंज लागत नाही.