तलावाकाठचे पक्षी आणि त्यांच्या नोंदी : ग्वाल्हेर परिसराचा अभ्यास

ग्वाल्हेर शहराच्या पश्चिमेस वीस-बावीस किलोमीटर अंतरावर सांक नदी अडवून तयार केलेला तिघरा तलाव आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत बांधलेले हे धरण ऑगस्ट १९१७ मध्ये पुराच्या लोंढ्याने फुटले. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. पुढे धरण पुन्हा उभारण्यात आले आणि ग्वाल्हेर शहरास त्यातून पाणी मिळू लागले. त्याच राजवटीत, १९१८ साली, शिवपुरी येथे साख्य सागर हा दुसरा तलाव बांधण्यात आला. पक्ष्यांचा विचार करून हे तलाव कोणी बांधलेले नव्हते. तथापि पाणी साठले, काठाला गाळ धरला, उथळ भागात पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळी पाहुण्यांना उतरण्याजोगे स्थान मिळाले. साख्य सागरास २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात हा मान सर्वप्रथम नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली लाभला. तोही मुळात सिंचनाच्या बंधाऱ्याचा जलाशय होय. आपल्या तालुक्यातील पाझर तलाव पक्ष्यांच्या दृष्टीने क्षुल्लक आहे, असे म्हणूनच कोणी गृहीत धरू नये.

तलाव आणि जंगल शेजारी शेजारी असले म्हणजे पक्ष्यांच्या जाती वाढतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवती सदाहरित व निमसदाहरित वने आहेत. तेथे पानांची गर्दी एवढी असते की पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक ओळखावे लागतात. ग्वाल्हेरकडील वन ह्याहून अगदी वेगळे. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर ग्वाल्हेरला जेमतेम नऊशे. साहजिकच येथे पर्जन्यवन नाही. करधई, खैर, सालई, पळस यांचे शुष्क पानझडी वन आहे. करधईचे झाड उन्हाळ्यात वाळल्यासारखे दिसते आणि पावसाळी हवेचा दमटपणा लागताच पालवू लागते, असे तेथील लोक सांगतात. फाल्गुन-चैत्रात पाने झडलेली असतात, तेव्हा टकाचोर, तांबट, धनेश हे पक्षी उघड्या फांद्यांवर सहज दिसतात. नवशिक्यांसाठी असे वन सोयीचे आहे. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी असलेला स्वर्गीय नर्तक ओढ्याकाठच्या सावलीत मिळतो. पावसाळ्याच्या तोंडाशी दक्षिणेकडून येणाऱ्या नवरंगाची शीळ मात्र सकाळ-सायंकाळ कान देऊनच ऐकावी लागते.

ह्या प्रदेशातील पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३८ च्या सुमारास ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ ह्या संस्थानांच्या मुलखात पाहणी केली. तिचा वृत्तांत पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी आजच्यासारखी साधने नव्हती. कोठे, कोणत्या दिवशी, कोणता पक्षी दिसला हे टिपून ठेवणे हाच त्या कामाचा पाया होता. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी अमुक जागी काय होते हे आज सांगता येते, ते अशा टिपणांमुळेच.

निरीक्षणास खर्चिक साहित्य लागते हा समज बरोबर नाही. आठपट मोठे दिसणारी दुर्बीण शाळेत एक असली तरी पुरे. नसली तरी काम अडत नाही. सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूस उभे राहावे, म्हणजे पिसाऱ्याचे रंग खरे दिसतात. भडक कपडे टाळावेत. साख्य सागरात मगरी आहेत, तेव्हा अशा तलावात मुलांना पाण्याच्या कडेला जाऊ देऊ नये.

पाणपक्षी ओळखताना रंगापेक्षा वागणुकीकडे आधी लक्ष द्यावे. काही बदके शेपूट वर करून, डोके तेवढे पाण्यात घालून चरतात. थापट्या व तलवार बदक ह्या गटातील होत. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, तर तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब व टोकदार असते. लालसरीसारखी बदके संपूर्ण बुडी मारतात आणि उडताना पाण्यावर थोडे धावून मग वर उठतात. पहिल्या गटातील बदके मात्र जागच्या जागी सरळ उसळतात. काळा देह व कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी, म्हणजेच चांदवा, हा बदक नव्हेच. परंतु थव्यात मिसळलेला असल्याने त्याची गणना बदकांत होऊन जाते. नारिंगी रंगाचा चक्रवाक जोडीने काठावर आढळतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस तिबेट व मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो आणि मार्चपर्यंत परततो. चित्रबलाक, शेकाट्या, टिटवी हे पक्षी उथळ पाण्यात व काठाने पाहावेत.

थवा मोठा असेल तर एकेक पक्षी मोजत बसू नये. दहा पक्ष्यांचा पुंजका नजरेत घ्यावा आणि तेवढे पुंजके थव्यात किती बसतात ते पाहावे. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना अशाच पद्धतीने हौशी माणसांच्या हातून पार पडते.

अशा मोजणीचे मोल किती, हे शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथील उदाहरणावरून समजते. करैरा परिसरात दिहायला हा हंगामी तलाव आहे आणि भोवती मोकळे माळरान. ह्या माळावर माळढोक होता. तिकडे त्यास सोनचिरैया म्हणतात. त्याच्या रक्षणासाठी १९८१ साली सुमारे २०२ चौरस किलोमीटरचे करैरा अभयारण्य घोषित झाले. ग्वाल्हेर जिल्ह्यातील घाटीगावचे अभयारण्यही त्याच वर्षीचे. करैरात आरंभी संरक्षणाचा चांगला परिणाम दिसला. परंतु अभयारण्यात शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी होत्या. त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. काळविटांची संख्या वाढली व ते पिकांत शिरू लागले. गावकऱ्यांचा रोष वाढत गेला. आणि त्यांची बाजू मुळीच चुकीची नव्हती, कारण पक्ष्याच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर पडला आणि भरपाई पुरेशी मिळाली नाही. माळढोकाची मादी साधारणतः एका वेळी एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. गुरे, कुत्री, नांगर यांपैकी कशानेही ते नष्ट होते. माळाच्या मालकाची साथ नसेल तर अशा पक्ष्याचे रक्षण पहारेकऱ्यांच्या बळावर होणे कठीण. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास करैरातून माळढोक नाहीसा झाला.

महाराष्ट्रातील अनुभव फारसा निराळा नाही. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ साली सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. संपूर्ण देशात मुक्त स्थितीतील माळढोक आता दीडशेच्या आसपास मानले जातात व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

एखादी जात नाहीशी होत असताना तेथे राहणाऱ्यासही ते चटकन जाणवत नाही. यंदा दिसला नाही तर पुढल्या वर्षी दिसेल, असे वाटत राहते. तिघऱ्यावर वा अन्य तलावावर पाणी असते, बदके असतात, सर्व पूर्ववत भासते. कोणती जात कमी झाली ते मागील वर्षांचे आकडे समोर असल्याखेरीज कळत नाही. साख्य सागरात शहराचे सांडपाणी येऊन जलपर्णी माजली, तेव्हा ती डोळ्यांना दिसली; मोकळ्या पाण्यावरील पक्षी किती घटले हे मात्र मोजल्याविना सांगता येत नाही.

शाळेने किंवा ग्रामपंचायतीने ह्यासाठी एक जाड वही ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे रकाने पुरेत. नावाविषयी शंका असल्यास अंदाजाने नाव न लिहिता आकार, चोच, पाय यांचे वर्णन करावे. नंतर मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशाच्या आधारे मराठी नाव निश्चित करता येते. गावातील वृद्ध जे नाव वापरतात तेही शेजारी लिहावे, कारण पुस्तकात नसलेली बरीच नावे केवळ त्यांच्याच तोंडी उरली आहेत. महिन्यातून एकदा, त्याच जागी व त्याच वेळी जावे. दरवर्षी येणारा एखादा पक्षी त्या दिवशी दिसला नाही, तर त्याच्या नावापुढील रकाना कोरा न सोडता तेथे शून्य लिहावे. कोऱ्या रकान्यावरून पक्षी नव्हता की पाहणारा गेला नव्हता, हे पुढे कोणालाच ठरवता येत नाही.