डिपर दिला तरी डोळे का दिपतात?

प्रश्न : माझं वय 66. रात्री गाडी चालवताना समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे इतके दिपतात की क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. बऱ्याचदा समोरच्याने डिपर दिलेला असतो, तरी त्रास तेवढाच. पाम बीच रोडवर हे फारसं जाणवत नाही; पण सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवर, आणि गावी जाताना पळस्पे फाटा ओलांडला की जीव मुठीत धरावा लागतो. नवे एलईडी दिवे प्रमाणाबाहेर प्रखर झालेत का? याला काही कायदा आहे की नाही? आणि रात्रीसाठी म्हणून पिवळे चष्मे विकतात, ते घ्यावेत का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : दिवे प्रखर झालेत, यात शंका नाही. पण तुमच्या त्रासाचं मोठं कारण वेगळं आहे. दिवा किती उजेड देतो यापेक्षा तो कुठे रोखलेला आहे, हे जास्त महत्त्वाचं; आणि तो चुकायला जेमतेम एक अंश पुरतो.

डिपरवर असलेली गाडी भिंतीसमोर उभी करा. भिंतीवर खाली लख्ख उजेड, वर अंधार आणि मध्ये जवळजवळ सरळ अशी कड दिसेल. ही कड डावीकडे थोडी वर चढते, कारण तिकडे रस्त्याची बाजू, पादचारी आणि पाट्या असतात. उजवीकडे ती खालीच राहते, कारण तिकडून समोरची गाडी येते. झोत पुढे जात असताना ही कड उतरत जायला हवी. नेहमीच्या मोटारीत हा उतार साधारण मीटरला 1 सेंटिमीटर ठेवतात.

आता हिशोब करू. समोरच्या एसयूव्हीचा दिवा जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर आहे असं धरा. 30 मीटर पुढे कड 60 सेंटिमीटरवर उतरलेली असेल. लहान गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे 120 सेंटिमीटर उंचीवर असतात, म्हणजे तो सुखरूप. पण त्याच दिव्याचं तोंड सव्वा अंशाहूनही कमी वर गेलं, की 30 मीटरवर ती कड बरोबर 120 सेंटिमीटरवर येते, थेट डोळ्यांत. समोरच्याने डिपर दिलेला असतो आणि तो मनापासून निर्दोष असतो. तुम्ही अप्पर-डिपर मारून त्याला खुणावता, तो चिडून खरोखरचा अप्पर दाखवतो, आणि भांडण दोघांपैकी कोणाचीच चूक नसताना पेटतं.

हा अंश चुकतो कसा? सगळ्यांत साधं कारण म्हणजे डिकीतलं ओझं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं आणि सामानामुळे मागची बाजू 5 सेंटिमीटर दबली, तर गाडीचं नाक मीटरमागे 2 सेंटिमीटर वर उचललं जातं. वरच्या हिशोबात आपण दिवा नेमका तेवढाच वर केला होता. गणपतीला पनवेलहून कोकणात निघालेली गाडी आठवा : मागे तिघंजण, डिकीत बॅगा, मखर, तांदळाची पिशवी, वर आणखी काहीबाही. त्या रात्री पेणच्या पुढे अशा हजारो गाड्या एकमेकांच्या डोळ्यांवर झोत टाकत चाललेल्या असतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण डिपरवर आहोत. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. ते ज्या चालीने पुढे सरकलं त्याबद्दल इथे न बोललेलं बरं. वळणमार्गांवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच पट्ट्यात आली, की हा त्रास दुप्पट होतो.

यावरचा उपाय अनेक गाड्यांत कंपनीनेच देऊन ठेवलेला असतो. स्टिअरिंगच्या बाजूला 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चाक असतं. आकडा वाढवला की झोत खाली येतो. चालक एकटा असेल तर 0, गाडी माणसांनी भरली तर 1, माणसं आणि सामान दोन्ही असलं तर 2, असा ढोबळ नियम. नेमकं गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुष्कळांना या चाकाचा शोध गाडी विकायची वेळ आली तरी लागत नाही.

दुसरं कारण हौशी आहे. जुन्या गाडीच्या हॅलोजन दिव्यात बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवून घेणं. हॅलोजन बल्बची डिपरची तार अगदी बारीक असते, तिच्याखाली धातूची छोटी वाटी असते, आणि मागचा परावर्तक त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके एका दांडीच्या दोन बाजूंना चिकटवलेले असतात. जागा मिलिमीटरने जरी हलली, तरी कड विस्कटते आणि उजेड वर सांडतो. मालकाला बॉनेटसमोरचा रस्ता उजळलेला दिसतो, म्हणून तो खूश असतो. लांबवर मात्र त्याला पूर्वीपेक्षा फार जास्त दिसत असतं असंही नाही. कंपनीतून एलईडी दिव्यासह आलेली गाडी वेगळी, तिथे परावर्तक आणि भिंग त्या दिव्यासाठीच बनवलेलं असतं. मला खरा राग आहे तो या उपऱ्या बल्बांचा आणि छपरावरच्या एलईडी पट्ट्यांचा.

आता तुमच्या वयाकडे येऊ, राग मानू नका. डोळ्याच्या भिंगात वयानुसार धूसरपणा येतो. प्रकाश त्यावर विखुरला जातो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा पसरतो. चाळिशीपर्यंत हे विखुरणं फारसं बदलत नाही. पासष्टीच्या सुमारास ते तरुणपणीच्या साधारण दुप्पट होतं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. म्हणून डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या. चष्म्याचं ओरखडे पडलेलं भिंग आणि गाडीच्या समोरच्या काचेचा आतला तेलकट थरही हेच काम करतात. काच आतून पुसायचं आपण विसरतो.

पाम बीच रोडवर त्रास कमी का, याचं उत्तर 1926 साली हॉलडे या संशोधकाने मांडलेल्या सूत्रात आहे. तुमची नजर आणि झगमगणारा दिवा यांच्यातला कोन दुप्पट झाला, तर पडदा जवळजवळ एक चतुर्थांश उरतो. सहापदरी रस्ता, मध्ये रुंद दुभाजक, त्यावर झाडं : समोरची गाडी तुमच्यापासून बाजूला बरीच लांब राहते, झाडं उरलंसुरलं अडवतात, आणि पथदिव्यांमुळे डोळे पूर्ण अंधाराला सरावलेले नसतात. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात, तीही यासाठीच. गुरं तिला तोंड लावत नाहीत, हा वरचा फायदा. आतल्या रस्त्यावर मात्र समोरचा दिवा तुमच्यापासून तीन-चार मीटरवरून जातो, त्यात दर थोड्या अंतरावर स्पीडब्रेकर. गाडी त्यावर चढली की नाक वर, झोत वर. पारसिक टेकडीच्या चढावरही तेच.

याच सूत्रातून तुमच्या हातातला उपाय निघतो. समोरून झोत आला की नजर त्यावरून हटवून डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर न्या आणि वेग कमी करा. पावसात ही रेषाही धड दिसत नाही. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो, तुमचा उजेड तुमच्याकडे परत न येता पुढे निघून जातो आणि समोरच्याचा मात्र रस्त्यावरून उसळून तुमच्या डोळ्यांत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये शक्य असेल तर रात्रीचा प्रवास टाळाच.

पिवळा चष्मा घेऊ नका. 2019 साली अमेरिकेतल्या नेत्रसंशोधकांनी कृत्रिम रात्रीच्या ड्रायव्हिंगवर हे चष्मे तपासले. पादचारी ओळखायला त्यांची काही मदत झाली नाही. ते उजेड कमी करतात आणि रात्री तेवढाच तर हवा असतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि नेमका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की, दिव्यासमोर 8 मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणारा झोत चालणार नाही. नाहीतर चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे. 111 वा नियम पुढच्या बाजूच्या स्पॉटलाइटला परवानगीशिवाय मनाई करतो. एकेकाळी दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासायची पद्धत होती. उपाय गावठी होता, पण प्रश्न तिथल्या तिथे समजलेला होता. आज अडतं ते तपासणीपाशी. व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने आरटीओची तंदुरुस्ती तपासणी आहे. तुमची-माझी खासगी गाडी मात्र एकदा नोंदली की 15 वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळीच पुन्हा त्या दारात जाते. पीयूसी फक्त धूर बघते. मधल्या काळात दिव्याचा कोन कोणी विचारत नाही.

म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बघा. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस बसलेला, लेव्हलचं चाक 0 वर. गाडी भिंतीला टेकवून दिव्याच्या मध्याची उंची चिकटपट्टीने भिंतीवर खुणवा आणि 5 मीटर मागे या. डिपरची सपाट कड पट्टीच्या सुमारे 5 सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. वर असेल तर गॅरेजमध्ये 'फोकस सेट करून द्या' म्हणा. दिव्यामागच्या स्क्रूचं ते काम आहे, थोड्या वेळात होतं. आणि यंदा गणपतीला सामान भरून झालं, की निघण्याआधी ते चाक 2 वर करायला विसरू नका.