निरुपयोगी पॅकेज आणि बंद पडलेले वायफाय : लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक पाठ

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र असो वा नोकरीची जाहिरात असो, सर्व काही संगणकावरून होते. महाडीबीटीवर अर्ज भरावयाचा असेल तर जाळ्याची जोडणी हवीच. अशा वेळी ऐन अंतिम तारखेला संगणकाचे वायफाय बंद पडले तर एका विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क अडू शकते. म्हणून हा विषय केवळ हौशी मंडळींचा नाही, तो गरजेचा आहे, असे आम्हास वाटते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर, व्यवसायाने बँकेतील लिपिक. संगणकाचे शास्त्र आम्ही महाविद्यालयात शिकलेलो नाही. तरीही जे समजून घेतले ते सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाहीत. असे संगणक भंगारात न टाकता त्यावर लिनक्स बसविले तर ते आणखी काही वर्षे उत्तम सेवा देतात. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना लिहिला. डेबियन हे वितरण इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केले आणि त्याच्या आधारावर उबुंटू २००४ साली आले. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तयार केलेले बॉस लिनक्सही डेबियनवरच उभे आहे. त्यामुळे पुढील माहिती या तिन्ही वितरणांना बहुतांशी लागू पडते.

येथे एक सूचना. आज्ञा आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टंकित कराव्यात. आज्ञेच्या आधी 'सुडो' हा शब्द असेल तेथे यंत्र परवलीचा शब्द विचारते. तो टंकित करताना पडद्यावर काही दिसत नाही, हे नैसर्गिकच आहे. घाबरू नये.

१) पॅकेज निरुपयोगी कसे ठरते?

लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञावली पॅकेजच्या रूपाने येते. एक पॅकेज चालण्यास दुसरे लागते, दुसऱ्यास तिसरे. आपण एखादे पॅकेज मागितले की एपीटी नावाचा व्यवस्थापक त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस स्वतःच आणतो आणि प्रत्येकापुढे एक खूण करतो. आपण मागितले ते 'मॅन्युअल', सोबत आले ते 'ऑटो'.

बँकेतील उदाहरण देतो. कर्जदाराबरोबर जामीनदार येतो. कर्ज फिटले की जामीनदार मोकळा होतो. परंतु तोच जामीनदार दुसऱ्या कर्जालाही असेल तर त्याला मोकळे करता येत नाही. एपीटी नेमके हेच पाहतो. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा दिली की ज्या 'ऑटो' पॅकेजची आता कोणत्याही पॅकेजला गरज उरलेली नाही, ती सर्व काढली जातात.

मग घोटाळा कोठे होतो? एपीटीची वही पॅकेजांमधील संबंध जाणते, आपली गरज जाणत नाही. डेस्कटॉपसोबत येणारी काही पॅकेजेस ही नुसती यादी असते. त्यांच्या आत स्वतःचे असे काही नसते, पण शेकडो पॅकेजेस त्यांच्याशी बांधलेली असतात. आपण 'हा खेळ नको, हा मेल वाचक नको' म्हणून एक लहान पॅकेज काढतो, त्याबरोबर ती यादी निघते आणि यादीच्या आधारावर उभी असलेली इतर पॅकेजेस निराधार ठरतात. पुढील ऑटोरिमूव्हमध्ये ती निघून जातात. त्यात वायफाय चालविणारी पॅकेजेसही असू शकतात. तसेच 'मला पायथन येत नाही, मग पायथन कशाला?' असे म्हणून पायथन ३ काढणाऱ्याच्या डेस्कटॉपचे मोठमोठे भाग त्यासोबत निघून जातात. आपण वापरीत नाही याचा अर्थ कोणीच वापरीत नाही, असा होत नाही.

२) वायफाय एकट्याने चालत नाही

पडद्याच्या कोपऱ्यातील वायफायच्या चिन्हामागे कामकऱ्यांची एक रांग उभी असते. ती क्रमाने अशी :

अ) कार्ड : संगणकातील प्रत्यक्ष वस्तू.
आ) ड्रायव्हर : गाभ्याला कार्डाशी बोलता यावे म्हणून असलेला भाग. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत वायफायचे बरेच ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात.
इ) फर्मवेअर : कार्डाच्या स्वतःच्या डोक्यात भरावयाची आज्ञावली. इंटेल, रिअलटेक यांसारख्या बहुतेक कार्डांना ती लागते.
ई) डब्ल्यूपीए सप्लिकंट : राउटरला परवलीचा शब्द पटवून देणारा.
उ) नेटवर्क मॅनेजर : वरील सर्वांकडून काम करून घेणारा व्यवस्थापक. कोपऱ्यातील चिन्ह त्याच्याशीच बोलते.
ऊ) नावाचा पत्ता शोधणारी सेवा : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता काढणारी.

यांतील एकही जागा रिकामी झाली तरी लक्षण एकच दिसते, ते म्हणजे 'वायफाय चालत नाही'. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ड्रायव्हर व फर्मवेअर एकदा स्मृतीत चढले की त्यांची फाइल काढल्यावरही त्या दिवशी वायफाय चालूच राहते. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की ते सापडत नाही. त्यामुळे कालच्या साफसफाईचा आजच्या बिघाडाशी संबंध आहे हे कित्येकांच्या लक्षात येत नाही आणि ते राउटरला दोष देतात.

३) प्रथम रोजकीर्द पाहावी

हिशेब जुळला नाही की आम्ही अंदाज बांधीत बसत नाही, रोजकीर्द काढतो. लिनक्समध्येही रोजकीर्द आहे. 'व्हार' या मूळ फोल्डरमधील 'लॉग', त्यातील 'एपीटी' आणि त्यातील 'हिस्टरी डॉट लॉग' ही फाइल उघडावी. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, दिलेली आज्ञा आणि 'रिमूव्ह' या शब्दापुढे काढलेल्या पॅकेजांची नावे तेथे लिहिलेली असतात. महिना उलटला असल्यास जुना भाग शेजारीच दाबून ठेवलेल्या फाइलींत मिळतो. या यादीत नेटवर्क, डब्ल्यूपीए, फर्मवेअर, मॉड्यूल्स, डीकेएमएस किंवा ब्रॉडकॉम असे शब्द शोधावेत. सापडलेली नावे वहीत उतरवून घ्यावीत. निम्मे काम येथेच होते.

४) दोष कोणत्या पायरीवर आहे?

यादीवरून उलगडा झाला नाही तर खालून वर एकेक पायरी तपासावी.

पहिली पायरी. 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा देऊन पुढे एक जागा सोडून उणे चिन्ह व 'के' टंकित करावा. कार्डाचे नाव दिसेल आणि त्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसेल. कार्ड आहे पण वापरातील ड्रायव्हरची ओळच नाही, तर ड्रायव्हर गेला असे समजावे. यूएसबीवरील कार्ड असल्यास 'एल-एस-यू-एस-बी' वापरावे.

दुसरी पायरी. 'सुडो डी-मेसेज' म्हणजे डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे. येणाऱ्या ओळींत फर्मवेअर चढविता आले नाही अशी तक्रार असेल तर फर्मवेअरचे पॅकेज गेले आहे. डेबियनमध्ये इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' व रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक' अशी निरनिराळी पॅकेजेस आहेत. उबुंटूत मुख्यतः 'लिनक्स-फर्मवेअर' हे एकच पाहावे.

तिसरी पायरी. 'आर-एफ-किल' ही आज्ञा वायफाय कुलूपबंद आहे का ते सांगते. 'सॉफ्ट' कुलूप असल्यास 'सुडो आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय' यांत 'वायफाय' हा शब्द जोडरेषेविना लिहून ते उघडावे. 'हार्ड' कुलूप असल्यास लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा कळफलकावरील विमानाची कळ पाहावी.

चौथी पायरी. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस नेटवर्कमॅनेजर' ही आज्ञा व्यवस्थापक हजर आहे की नाही ते दाखविते. येथे एक बारकावा आहे. सेवेच्या नावात एन व एम ही दोन अक्षरे मोठी आणि मध्ये जोडरेषा नाही. पॅकेजच्या नावात मात्र सर्व अक्षरे लहान आणि मध्ये जोडरेषा आहे. अशी सेवाच नाही असे उत्तर आले तर पॅकेज निघाले आहे. सेवा चालू आहे, पण 'एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस' या आज्ञेत वायफायपुढे 'अनअव्हेलेबल' असे दिसते, तर डब्ल्यूपीए सप्लिकंट गेला असण्याचा संभव मोठा.

पाचवी पायरी. वायफाय जोडले जाते पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी 'पिंग ८.८.८.८' करून पाहावे; अंक अर्थातच इंग्रजीत द्यावेत. उत्तर येत असेल तर रस्ता ठीक आहे, केवळ नाव शोधणारी सेवा बिघडली आहे. काही वितरणांत 'सिस्टिमडी-रिझॉल्व्हड' हे वेगळे पॅकेज असते, ते शिल्लक आहे का पाहावे.

५) जाळे नसताना पॅकेज आणावयाचे कसे?

दुरुस्तीस पॅकेज हवे, पॅकेज आणण्यास जाळे हवे आणि जाळे तर बंद. या पेचातून सुटण्याचे मार्ग आहेत.

(१) मोबाइल : फोन केबलने संगणकास जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. संगणकाला तो वायफाय न वाटता तारेची जोडणी वाटतो, म्हणून वायफायचा काहीही भाग नसला तरी चालते. फोन स्वतः वायफायवर असेल तर डेटाही खर्च होत नाही. नेटवर्क मॅनेजरच निघाला असेल तर 'आय-पी लिंक' या आज्ञेने नव्या जोडणीचे नाव पाहावे आणि 'सुडो डीएचक्लायंट' लिहून पुढे ते नाव द्यावे. काही नव्या आवृत्त्यांत त्याऐवजी 'डीएचसीपीसीडी' असते. राउटरपासून लॅनची तार ओढणे हाही तसाच मार्ग.

(२) जुना गाभा : संगणक सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा गाभा निवडावा. केवळ नव्या गाभ्याचे ड्रायव्हर गेले असतील तर जुन्यावर वायफाय लगेच चालते.

(३) साठा : 'व्हार', 'कॅश', 'एपीटी', 'आर्काइव्ह्ज' या क्रमाने फोल्डर उघडावेत. पूर्वी उतरविलेली पॅकेजेस तेथे शिल्लक असू शकतात. ती 'सुडो डी-पी-के-जी' व पुढे उणे चिन्ह आणि 'आय' देऊन बसविता येतात.

(४) दुसरा संगणक : डेबियन व उबुंटू यांच्या पॅकेजांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून फाइल पेनड्राइव्हवर आणावी. आवृत्ती व प्रकार आपल्याच यंत्राचा असावा.

जोडणी मिळाल्यावर 'सुडो एपीटी अपडेट' आणि नंतर 'सुडो एपीटी इन्स्टॉल' लिहून वहीतील नावे एका ओळीत द्यावीत. 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' पुढे गाभ्याचा क्रमांक लावावा लागतो. तो 'यू-नेम' पुढे उणे चिन्ह व 'आर' दिल्यास कळतो. ब्रॉडकॉमच्या कार्डासाठी 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' लागत असेल तर गाभ्याची 'हेडर्स' ही पॅकेजेसही सोबत बसवावीत. तो ड्रायव्हर प्रत्येक गाभ्यासाठी नव्याने घडवावा लागतो आणि हेडर्स नसतील तर घडत नाही. शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

अर्जाची अंतिम तारीख आजचीच असेल तर दुरुस्ती बाजूस ठेवावी. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, 'ट्राय' हा पर्याय निवडावा आणि अर्ज आधी भरून घ्यावा. डिस्कवरील मजकुरास त्याने धक्का लागत नाही. शिवाय तेथे वायफाय चालले तर कार्ड शाबूत आहे याचीही खात्री होते.

६) पुढील दक्षता

बँकेत एकाने नोंद करावयाची व दुसऱ्याने तपासावयाची अशी शिस्त असते. येथेही तीच पाळावी. काहीही काढण्यापूर्वी 'एपीटी' नंतर उणे चिन्ह व 'एस' देऊन 'ऑटोरिमूव्ह' लिहावे. यात प्रत्यक्ष काही निघत नाही, काय निघेल याची यादी फक्त येते. ती शेवटपर्यंत वाचावी. न समजणारे एकही नाव असेल तर होकार देऊ नये.

वायफायची पॅकेजेस आपल्या नावावर करून ठेवावीत. त्यासाठी 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' लिहून पुढे नेटवर्क-मॅनेजर, डब्ल्यूपीएसप्लिकंट (हे नाव सलग) आणि आपले फर्मवेअर यांची नावे द्यावीत. मग ऑटोरिमूव्ह त्यांना निराधार समजत नाही. तसेच 'रिमूव्ह' व 'पर्ज' यांतील भेद ओळखावा. पहिली आज्ञा पॅकेज काढते पण प्रणालीतील त्याची सेटिंग ठेवते, दुसरी सेटिंगसह पुसते.

डिस्कवर जागा हवी म्हणूनच बहुतेक जण साफसफाई करतात. ती जागा अन्यत्र सहज मिळते. 'सुडो एपीटी क्लीन' ने उतरविलेल्या फाइलींचा साठा रिकामा होतो; मात्र तिसऱ्या मार्गातील साठाही त्याने जातो, हे लक्षात ठेवावे. डाउनलोड्स फोल्डरमधील जुने चित्रपट व दुहेरी छायाचित्रे काढली तर कित्येक जीबी मोकळे होतात. सध्याचा व त्याआधीचा असे दोन गाभे मात्र नेहमी ठेवावेत.

ज्या सार्वजनिक अभ्यासिकेत असा संगणक आहे तेथे एक लाइव्ह पेनड्राइव्ह, एक लॅनची तार आणि कार्डाचे व पॅकेजांचे नाव लिहिलेला कागद संगणकाजवळ ठेवावा. परीक्षा व शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत कोणतीही साफसफाई करू नये. आपल्या भागातील तरुण-तरुणींनी वरील पायऱ्या एकदा सवडीने करून पाहाव्यात व दुसऱ्यांस शिकवाव्यात. एका जाणत्यावर सर्वांनी अवलंबून राहण्यापेक्षा चार जण जाणते झालेले केव्हाही चांगले.