पोस्टकार्डावरून वेबसाइटवर : थेट विक्रीसाठी गिऱ्हाइकांची यादी



नोंदीचा ऊस कारखान्यालाच घालायचा, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्यांचे घरचे गुऱ्हाळ आहे किंवा जे हळद, बेदाणा करतात, त्यांतले बरेचजण हल्ली पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट माल पाठवितात. काहींनी वेबसाइटही करून घेतली आहे. तक्रार एकच, “साईट केली, पण कुणी बघतच नाही!” कसे बघणार? आडरानात दुकान मांडले तर पाटी सडकेला लावावी लागते. ही पाटी पोस्टकार्डाने स्वस्तात लावता येते.

आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. आज साधे कार्ड ५० पैशांना मिळते. मात्र येथे एक मेख आहे. हाताने लिहिलेले कार्डच ५० पैशांत जाते. मजकूर छापला, की ते छापील कार्ड ठरते आणि त्याला ६ रुपये टपाल लागते. हे न पाहता साध्या कार्डावर छापून घेतले, तर कमी पडलेले टपाल गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. मग तो साईट कशाला बघतो!

कार्ड पाठवायचे कुणाला? ज्यांनी पूर्वी आपला माल घेतला आहे त्यांना. पार्सलच्या जुन्या पावत्या काढा, त्यावर पत्ते आहेत. विकतच्या याद्या घेऊ नयेत. पत्त्यावर सहा आकडी पिनकोड हवाच. (ही पद्धत १९७२ साली सुरू झाली आणि ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी होते.)

मजकूर थोडका असावा. उदाहरणार्थ: “यंदाचा गूळ मार्गशीर्षात निघेल. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला, एक किलोच्या भेल्या. आमच्या वेबसाइटवर आपला ई-मेल लिहून ठेवल्यास गूळ निघताच भाव कळवू.” खाली साईटचा पत्ता. बस्स. भावाचा तक्ता, देवाचे फोटो, घराण्याचा इतिहास यांना कार्डावर जागा नाही. कार्ड वाटेत कुणीही वाचतो, म्हणून कुणाची उधारीही त्यावर लिहू नये. संक्रांतीसाठी गूळ विकायचा असेल तर कार्ड डिसेंबरच्या मध्याला हाती पडावे.

छापील कार्डावर चौकोनी क्यूआर कोड घालता येतो. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला. तो दोन सेंटीमीटरहून लहान नको, भोवती पांढरी जागा सोडावी आणि सगळी कार्डे छापण्याआधी दोन-चार वेगळ्या फोनवर तपासून पाहावा. फुकट कोड करून देणाऱ्या काही सेवा पुढे पैसे मागतात, न दिल्यास कोड बंद. म्हणून कोडात आपल्या साईटचा पत्ता सरळ भरून घ्यावा.

आता हिशेब. समजा, ३०० छापील कार्डे पाठविली. टपाल १८०० रुपये, छपाई दोन रुपयांप्रमाणे ६००, एकूण २४००. त्यातून २४ जणांनी ई-मेल दिला, तर एक नाव शंभर रुपयांना पडले. त्यांपैकी सहाजणांनी दहा-दहा किलो गूळ घेतला आणि अडत्याला दिला असता त्यापेक्षा किलोमागे २० रुपये जादा सुटले, तर १२०० रुपये आले. म्हणजे पहिल्या साली निम्मा खर्च अंगावर! पण पुढच्या साली त्याच २४ जणांना कळवायला टपालखर्च नाही. हीच ३०० कार्डे घरच्या मुलांनी सुवाच्य अक्षरात लिहिली, तर कार्डांसह खर्च १५० रुपये. माझ्या मते लहान गुऱ्हाळवाल्याने हाताचीच लिहावीत. क्यूआर नसेल, पण शहरातल्या माणसाला हाताचे पत्र आता क्वचितच येते, ते तो वाचतो. साईटचा पत्ता तेवढा लहान आणि सोपा ठेवावा.

कोणत्या मजकुराला लोक येतात हे कळण्यासाठी निम्म्या कार्डांवर साईटच्या एका पानाचा आणि निम्म्यांवर दुसऱ्या पानाचा पत्ता द्यावा. कोणत्या पानावर किती आले, हे साईट करणारा दाखवू शकतो. कार्ड वाचून येणाऱ्याला त्या पानावर एकच रकाना दिसावा, ई-मेलचा. जन्मतारीख, उत्पन्न असले प्रश्न विचारले की माणूस परत फिरतो.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲप असताना ई-मेल कशाला? व्हॉट्सॲप जरूर वापरा. पण फोन हरवला की नंबर जातात आणि ग्रुपमध्ये सकाळच्या शुभेच्छांखाली आपला भाव बुडतो. ई-मेलची यादी वहीतही उतरून ठेवता येते.

मात्र कुणाचाही ई-मेल परस्पर यादीत घालू नये. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या कायद्याचा रोखही तोच आहे: संमती स्पष्ट हवी, आणि दिली तितक्याच सहज ती काढून घेता आली पाहिजे. म्हणून प्रत्येक ई-मेलखाली “नाव कमी करा” ही सोय ठेवावी. कुणी नाव कमी केले, तर त्याला पुन्हा कार्डही पाठवू नये. आणि पत्ता न सापडून परत आलेल्या कार्डांची नावे पुढच्या हंगामाआधी वहीतून खोडून टाकावीत.